सदतीस नळ्या

शनिवार, ६ सप्टेंबर

दादा,

एका नळीला खरं काय लागलं ते आधी ऐक. नळीचा तुकडा माझ्याच गोदामातला, पाण्याच्या लायनीतून उरलेला, म्हणजे फुकट. त्यापुढे करवतीची दोन पाती, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख, चौथीतल्या सहा पोरांची दोन दिवसांची कट्टी, चित्रकलेच्या बाईंचा पांढरा एप्रन आणि मुख्याध्यापिका सिस्टरांची दुपारची झोप, जी आपण घेतच नाही असं त्या सांगतात. एवढं झाल्यावर नळी वाजली. वाजली म्हणजे फुसफुसली. अशा सदतीस करायच्या आहेत.

आणि त्या सदतिसांवर आणखी एक खर्च आहे, तुला पत्र लिहिण्याचा. तो एकोणीस वर्षं टाळला होता.

नमस्कार वगैरे पोचला असं समज. पत्ता मावशीच्या लेकीकडून मिळवला. ती म्हणाली, "दादा वाचेल, उत्तराची आशा धरू नकोस." मी म्हटलं, आशा कोण धरतंय, मला भात्याचं चामडं कुठलं वापरायचं ते हवंय.

झालं असं. आपल्या डोंगरावरच्या चर्चच्या शाळेत नव्या सिस्टर आल्यात. चणीनं एवढ्याशा, पण चालल्या की कॉरिडॉर सरळ होतो. त्या एक दिवस माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, टाकी गळतेय. तर म्हणाल्या, "तुम्ही पाईप विकता. मला चौथीच्या मुलांकडून ऑर्गन करून घ्यायचाय."

"सिस्टर, मी स्वतः चौथीपर्यंतच शिकलोय."

"मग वर्ग तुमच्या ओळखीचा आहे," म्हणाल्या.

त्यांनी शाळेत 'एकत्र तास' काढलाय. विज्ञान, हस्तकला, चित्रकला आणि धर्मशिक्षण, चारही एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच कामावर. आवाज कसा होतो ते विज्ञानाच्या सरांनी सांगायचं, नळी कापायची ती माझ्याकडून शिकून, रंगवायची बाईंकडून, आणि गायचं कुणासाठी ते सिस्टरांकडून. तेवीस नोव्हेंबरला याच पोरांचं पहिलं कम्युनियन आहे, पहिला ख्रिस्तप्रसाद. त्या दिवशीच्या उपासनेत, मिस्सेत, स्वतः केलेल्या ऑर्गनवर स्वतःचं गाणं.

फादरांना हे पटलेलं नाही. ते तरुण आहेत, चांगले आहेत, पण पालक त्यांच्या कानाशी लागलेत. व्हरांड्यात दोघांचं चाललं होतं, मी नळ मोजत होतो. (नळ तिथं एकच होता, पण मी सावकाश मोजतो.) फादर म्हणाले, "सिस्टर, लोक म्हणतात, विज्ञानाच्या तासाला बायबल आणि बायबलच्या तासाला करवत. मुलांना येणार काय?"

"फादर, आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला. तिथं करवतीचा तास वेगळा नव्हता."

फादर हसले, पण अट घातलीच. कम्युनियनच्या मिस्सेत ऑर्गन सुरात वाजला तर तास चालू. बेसूर झाला तर जानेवारीपासून चार विषय, चार खोल्या, चार घंटा.

म्हणून सुराची जबाबदारी मी घेतली. तुला माहीतच आहे, माझा कान चुकत नाही. आजही पंप सुरू केला की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी रस्त्यापलीकडून सांगतो. परवा वर्कशॉपसाठी शिट्टीची किटली आणली, शिट्टीच वाजेना. नेऊन दुकानदाराच्या पुढ्यात ठेवली. माझ्या कानाची ख्याती त्याला ठाऊक, निमूट बदलून दिली.

चामड्याचं तेवढं कळव. नाही कळवलंस तरी मी शोधीनच.

तुझा धाकटा


रविवार, २८ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही आलं. बरं. चामडं मीच शोधलं, मेंढीचं, मऊ. भाता झाला. दोन पोरं पायानं दाबतात. एक दमला की दुसरा "मी दमलोय" म्हणतो, आणि पहिला पुन्हा दाबायला लागतो. असा न्याय मी कोर्टात पाहिला नाही.

नळ्या वरून बंद आहेत. आत लाकडाचा बूच, त्याला दांडी. बूच आत ढकलला की नळी आखूड होते आणि सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. सगळ्यांत लांब नळी दीड वीत, सगळ्यांत आखूड बोटाएवढी. हे तुला काय सांगतोय म्हणा. ऑर्गनखाली घुसून मी तुझे पाय बघत बसायचो तेव्हा तूच मला हे शिकवलंस.

वर्गात एक मुलगी आहे. काहीही सांगा, ती "कशावरून?" विचारते. तेच तिचं नाव पडलंय. परवा सिस्टर सांगत होत्या, देवानं मातीचा माणूस केला आणि त्याच्यात श्वास फुंकला. कशावरूननं हात वर केला.

"सिस्टर, नळीत हवा फुंकली की आवाज होतो. मग तेव्हा आवाज झाला का?"

"बायबलात तसं लिहिलेलं नाही."

"मग नाही झाला कशावरून?"

विज्ञानाचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. सिस्टर मात्र चष्मा पुसत थांबल्या आणि म्हणाल्या, "तू जन्मलीस तेव्हा पहिला श्वास घेतलास. आवाज झाला का ते आईला विचारून ये."

दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली. "आई म्हणाली, झाला. शेजारचे उठले."

रंगकामाचं ऐक. सदतीस नळ्यांवर सृष्टीचे सात दिवस काढायचे ठरलं. पाचव्या दिवसाच्या नळ्यांवर मासे. पोरांनी नळीला आवाजासाठी कापलेलं तोंड म्हणजेच माशाचं तोंड केलं, झकास दिसत होतं. बाईंनी प्रेमानं वरून जाड वार्निश फिरवलं आणि पाचवा दिवस मुका झाला. सहा मासे आणि चार पक्षी. मी पातं घेऊन तोंडं खरवडली. बाई शेजारी उभ्या राहून "सांभाळून, कल्ले जातील" म्हणत होत्या. मी म्हटलं, "बाई, कल्ले राहतील, आधी श्वास येऊ दे." यावर सिस्टर म्हणाल्या, हे वाक्य मी धर्मशिक्षणात घेणार. चौथी पास माणसाला याहून काय पाहिजे?

वर्कशॉपमध्ये सगळ्या नळ्या तुझ्या जुन्या पेटीशी जुळवल्या. हो, तीच चर्चची पेटी. ती आता माझ्याकडे दुरुस्तीला असते. तुझा मोठा ऑर्गन तू गेल्यावर चार वर्षांनी बंद पडला. उंदरांनी भाता खाल्ला. कुणी हातच लावला नाही.

मधल्या नळ्या पोरांनी लावल्या, मी नुसतं हो-नाही म्हणत गेलो. बोटाएवढ्या वरच्या चार मी एकट्यानं लावल्या, नाजूक काम म्हणून.

दुसरी किटलीही मुकी निघाली. हल्ली मालच असा येतो. तीही परत केली.

धाकटा


रविवार, १९ ऑक्टोबर

दादा,

फजिती झाली. लपवत नाही, तुला कुणीतरी कळवेलच.

काल सगळा सांगाडा हातगाडीवरून चर्चमध्ये नेला. वेदीच्या डाव्या अंगाला उभा केला. विज्ञानाचे सर वाजवायला बसले (त्यांना दोन बोटांनी वाजवता येतं, पण ती दोन बोटं प्रामाणिक आहेत), मी पेटीवर. फादर पहिल्या बाकावर. सुरुवात केली आणि दादा, अंगावर काटा आला. पेटी एकीकडे, नळ्या दुसरीकडे. सगळ्याच्या सगळ्या नळ्या उतरलेल्या, जवळजवळ अर्ध्या सुरानं. एखादी बिघडली असती तर समजू शकतो. सदतीसच्या सदतीस?

फादर उठले. टोपी घातली आणि गेले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी पोरांवर ओरडलो. हातगाडीवर हिंदकळून बूच सरकले, तुम्ही नीट धरल्या नाहीत. बूच तर जागचे हलले नव्हते. पेन्सिलीच्या खुणा होत्या, कशावरूननं त्या बोट ठेवून दाखवल्या. तरी ओरडलो. दोघं रडली. सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही घरी जा, चहा घ्या. या वर्गात चुकीचं कारण आधी सांगायची पद्धत नाही."

मी गेलो नाही. मागच्या बाकावर बसलो.

सिस्टरांनी पोरांना विचारलं, "वर्कशॉप आणि चर्च, यात फरक काय काय? सांगा." पोरं सांगत गेली. तिकडे पत्रा, इकडे दगड. तिकडे काका शिव्या देतात, इकडे देत नाहीत. तिकडे स्टोव्ह, इकडे गारठा. कशावरून कुडकुडत होती. तिनं एक नळी उचलून स्वेटरच्या आत घातली, काखेत धरली. म्हणाली, "हिलाही थंडी वाजत नसेल कशावरून?" पोरं हसली. दहा मिनिटांनी तीच नळी भात्यावर लावून वाजवली. सूर चढला होता.

मग धावपळ. सरांनी थर्मामीटर आणला. वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस, चर्चमध्ये तेरा. थंड हवेत आवाज सावकाश चालतो, म्हणून नळीचा सूर उतरतो. पेटीच्या पट्ट्या पितळेच्या, त्यांना फारसा फरक पडत नाही. लांब नळीचा बूच साडेआठ मिलिमीटर आत ढकलला आणि सूर पेटीला येऊन भिडला. पोरांनी फळ्यावर आलेख काढला. मी चौथी दुसऱ्यांदा पास झालो.

रडलेल्या दोघांची माफी मागितली. एक म्हणाला, "चालेल काका." दुसरा म्हणाला, "विचार करतो."

तूही एकदा गारठ्याबद्दल की गर्दीबद्दल काहीतरी म्हणाला होतास. बिशप आले होते त्या दिवशी. नीट आठवत नाही.

फादरांकडे परत गेलो. म्हटलं, "तेवीसला वाजेल." ते म्हणाले, "काका, तुमचा शब्द?" मी दिला.

धाकटा


रविवार, ९ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड आलं. एकोणीस वर्षांनी एक ओळ. "चर्च भरल्यावर किती होतं ते मोजा." खाली सहीसुद्धा नाही. अक्षर तेच, उजवीकडे झुकलेलं, घाईत निघाल्यासारखं.

हिनं वाचलं आणि मला विचारलं, "यात एवढं गप्प होण्यासारखं काय आहे?"

तिला सांगितलं नाही. तुला सांगतो. मागच्या पत्रात नीट आठवत नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. शब्दन् शब्द आठवतो. बिशपांची मिस्सा, सहाशे माणसं, खिडक्या बंद, दोनशे मेणबत्त्या. तुझा ऑर्गन आणि शेजारी पेटी, दोघांत किंचित फट. कुणाला कळलं नसतं. मला कळलं. बाहेर चहाच्या टेबलाशी तेव्हाच्या फादरांना मी म्हणालो, दादानं सूरच लावलेला नाही. तू म्हणालास, "काल संध्याकाळपर्यंत लावत होतो. माणसं भरली की सूर चढतो." आणि मी बिशपांदेखत म्हणालो, "आणि माणसं गेली की उतरतो का? पाईप आहेत की पारा?"

सगळे हसले. बिशपही. आठवड्यानं ऑर्गनची किल्ली तुझ्याकडून काढून घेतली, महिन्यानं तू गेलास. मला तेव्हा वाटलं, माझा विनोद चांगला होता.

तुझी ओळ मी वर्गात वाचून दाखवली. कुणाची ते सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "मोजायचं." आजच्या मिस्सेला कशावरून थर्मामीटर घेऊन पहिल्या बाकावर बसली. प्रत्येक गाण्याला उठून आकडा लिहायची. मिस्सा संपल्यावर फादरांनी तिला धरलं.

"बाळ, मिस्सा चालू असताना ताप कुणाचा मोजत होतीस?"

"चर्चचा, फादर."

"मग? आहे का ताप?"

"सुरुवातीला बारा होता. ग्लोरियाला चौदा. कम्युनियनला सतरा. तुमच्या प्रवचनात वाढलाच नाही."

फादरांनी वही घेतली, पान नीट वाचलं, परत दिली. "तेवीसला माणसं जास्त येतील," एवढं म्हणाले. पण तास काढल्यापासून पहिल्यांदा ते आपल्या बाजूनं विचार करत होते, हे माझ्या कानानं टिपलं. आम्ही अठरा धरायचं ठरवलं. लांब नळीला अंशामागे अर्धा मिलिमीटर. रिकाम्या चर्चमध्ये ऑर्गन जरा बेसूर ठेवायचा, म्हणजे भरल्या चर्चमध्ये तो सुरात येईल. तू हे शनिवारी का करत नव्हतास? की करत होतास, आणि सहाशे माणसं येतील असं त्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं?

एक कटकट आहे. कशावरून म्हणते, वरच्या चार नळ्या चुकल्यात. मी लावलेल्या. मी म्हटलं, "पोरी, या कानानं मी अख्खा बाजार चालवलाय." सिस्टरांनी मोबाईलमधलं सुराचं यंत्र लावून दाखवलं, काटा भलतीकडेच. मोबाईलचं काय घेऊन बसलात, म्हटलं. सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की मला झोप लागत नाही.

धाकटा


सोमवार, २४ नोव्हेंबर

दादा,

क्रमानं सांगतो, नाहीतर आधी काल सांगून मोकळा होईन.

मागच्या मंगळवारी शाळेत आरोग्य तपासणी होती. डोळे, दात, कान. कानाला एक नर्सबाई, कानांवर टोपीसारख्या दोन वाट्या, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पोरं पटापट उठत होती. कशावरून म्हणाली, "काका, तुम्ही बसा ना. तुमचा पहिला नंबर येईल."

बसलो. सुरुवातीला जाड आवाज आले, दाबलं. मग शांतता. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघतोय. नर्सबाईंनी वाट्या काढल्या.

"झालं, काका."

"झालं? अहो, सुरू कधी करताय?"

त्यांनी कागद दाखवला. रेघ चांगली चालत येते आणि मध्येच जिन्यावरून पडावी तशी पडते. दोन्ही कान. माणसांचं बोलणं, पंप, बेअरिंग, ठीक. बारीक, उंच आवाज नाहीत. विचारलं, "पत्रा ठोकायचं काम कधीपासून?" म्हटलं, चौदाव्या वर्षापासून. "मग हेही तेव्हापासूनच, हळूहळू," म्हणाल्या. इतक्या सहज, जणू हवामान सांगतायत.

तिथून उठलो तो थेट वर्गात गेलो. कशावरूनपुढे दांडी धरली. "वरच्या चार तू लाव."

"कशावरून म्हणता?"

मी कागद दिला. तिनं वाचला, आता काहीतरी विचारेल असं वाटलं. पण तिनं घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि बूच सरकवायला लागली. चार नळ्यांना तिला तास लागला. मी शेजारी बसून भाता दाबला. ती डोळे मिटून ऐकायची. मला नुसती हवा ऐकू यायची.

शुक्रवारी संध्याकाळी मी फादरांकडे गेलो. म्हटलं, शब्द मी दिला होता, पण सूर मी लावलेला नाही, या मुलीनं लावलाय, हे तुम्हाला आधी कळायला हवं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. ती मला कालच सांगून गेली. म्हणाली, काकांना बोलू नका."

काल चर्च भरलं. पायऱ्यांवरही माणसं. पोरं पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, आणि निम्म्यांच्या नखांत वार्निश. पोरं ख्रिस्तप्रसाद घेऊन परतली आणि भात्यावरच्या दोघांनी पाय टाकला. कशावरूननं थर्मामीटर पाहिला, सिस्टरांना दोन बोटं उंच करून दाखवली. अठरा नाही, वीस. आता काय करणार? ती उठली, दोन्ही बाजूंच्या दारांतल्या माणसांना हातानं बाजूला केलं आणि दारं सताड उघडली. गार वारा आला. गाणं सुरू व्हायच्या आधी ती परत जागेवर होती. एकोणीस असेल. अठराही असेल.

पेटी आणि नळ्या एकत्र निघाल्या आणि एकच आवाज झाला, दादा. फट नाही. मागच्या बाकावर तुझ्या वयाचे कुणी रडत होते. मी रडत नव्हतो, मी भाता बघत होतो. वरच्या चार नळ्या तीन वेळा येतात त्या गाण्यात. त्या वेळी लोकांचे चेहरे वर व्हायचे, त्यावरून मला कळलं की त्या वाजल्या.

मिस्सेनंतर फादरांनी वेदीवरून सांगितलं, एकत्र तास जानेवारीतही राहील, आणि पाचवीलाही सुरू होईल. टाळ्या चर्चमध्ये वाजवत नाहीत. वाजल्या.

चहाच्या टेबलाशी, तीच जागा, मी चमचा कपावर आपटला. सगळे वळले. जुन्यांपैकी चार-पाच जण होते. म्हणालो, एकोणीस वर्षांपूर्वी इथं मी माझ्या दादाची थट्टा केली होती. माणसं भरली की नळ्यांचा सूर चढतो, हे तो खरं सांगत होता. चौथीच्या वर्गानं मोजलंय, वही बघायची असेल तर बघा. त्यानं शनिवारी सूर लावला होता आणि बरोबर लावला होता. एवढंच. कुणी हसलं नाही. जुना घंटावाला म्हणाला, "हे त्याला कळव." कळवतोय.

आता काम. सिस्टरांना पाचवीकडून तुझा मोठा ऑर्गन उघडून घ्यायचाय. भाता मी करतो, चामडं आहे. पण सूर लावायला माणूस हवा, आणि सरांच्या दोन बोटांवर किती दिवस काढणार? स्टूल मी तुझ्या उंचीचं करून ठेवलंय. तू नाही आलास तर त्यावर दुसऱ्याचे पाय लोंबतील, तरी काम थांबणार नाही. आलास तर पोरं "कशावरून" विचारतील, तयारीनं ये. किल्ली फादरांकडून मागून घेतली आहे. ती या पाकिटात आहे.

आणखी एक. आज सकाळी किटलीच्या दुकानात गेलो. कानाचा कागद दुकानदारापुढे ठेवला. त्यानं वाचला, फळीवरून माझ्या दोन्ही परत आलेल्या किटल्या काढल्या, पाणी भरलं, शेगडीवर ठेवल्या. वाफ आली. त्याची नात कानांवर हात ठेवून आत पळाली.

दोन्ही किटल्या चांगल्या होत्या.

धाकटा